मुलींच्या वसतिगृहाचा सौदा

"टेप गुंडाळा आधी. गुंडाळा म्हणते ना. काय मोजायलात? तुमच्या आजोबानं घातलेली भिंत हाय का ती?"

हा आवाज मी ठाण्यात, माझ्या खुर्चीत बसून ऐकला. ठाण्यापासून ती जागा अर्धा किलोमीटर, मधे एक शाळा, दोन दवाखाने आणि एक मंगल कार्यालय, तरी ऐकला. आमचे हवालदार म्हणतात, साहेब, तुम्हाला फोन आला होता. आला असेल. पण आवाज आधी आला. चौतीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ आरडाओरडा कानावरून गेला, तो एक मात्र कानातच राहिला आहे.

जीप घेऊन पोचलो तेव्हा मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकात रेक्टरबाई उभ्या होत्या. पन्नाशी उलटलेली बाई, उंची जेमतेम पाच फूट, पण त्या सकाळी फाटक लहान दिसत होतं. हातात वरणाची पळी. दोन माणसं टेप धरून कंपाउंडची भिंत मोजत होती आणि पांढऱ्या गाडीला टेकून एक गृहस्थ मोबाइलवर बोलत होते, जणू समोर काही चाललेलंच नाही. वरच्या खिडक्यांतून चाळीसेक मुली खाली बघत होत्या. जवळपास प्रत्येकीच्या हातात पुस्तक होतं. बारावीची परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती.

"साहेब, ह्यांनी आमचं वसतिगृह इकत घेतलंय म्हणं," बाई म्हणाल्या. "महिनाअखेर रिकामं करा म्हणायलेत. लेकरं कुठं नेऊ मी? परीक्षा सोडून गावाकडं धाडू?"

गृहस्थांनी मला फाइल दिली. आत साठेखत होतं आणि संस्थेच्या ठरावाची प्रत. इमारत जुनी झाली, ती विकावी, शहराबाहेर नवी बांधावी, असा ठराव. सात विश्वस्त, सात सह्या. धर्मादाय आयुक्तांकडे विक्रीच्या परवानगीचा अर्जही गेलेला होता आणि त्याची सुनावणी आठ दिवसांवर होती. परवानगी मिळाली की खरेदीखत, आणि खरेदीखत झालं की जेसीबी.

मी म्हणालो, "बाई, ही दिवाणी बाब आहे."

हे वाक्य आम्हाला सलाम ठोकायच्या आधी शिकवतात.

"दिवाणी म्हंजे तुमी काईच करणार न्हाईत, असंच ना?"

"असं नाही. लेखी अर्ज द्या, बघतो."

बाईंनी पळी हवालदाराच्या हातात दिली आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तिथल्या तिथे अर्ज लिहिला. हवालदार तेवढा वेळ पळी धरून सावधान उभा होता. अर्जात एकच मुद्दा होता: आमचे विश्वस्त ही इमारत विकणार नाहीत, ठराव खोटा आहे.

परभणीतला तो भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. निजामाच्या अमलात तिथं तालुकदार, मुन्सफ आणि बडे वकील राहायचे. दगडी कमानी, उंच जोती, अंगणात चिंचेची झाडं. आता तिथं डॉक्टर आणि सराफ राहतात. जागेचा भाव असा, की रस्त्यावर उभं राहिलं तर सावलीचं भाडं मागतील. आणि या सगळ्याच्या मधोमध एका जुन्या वकिलाच्या कोठीत हे वसतिगृह. साठेक वर्षांपूर्वी बोरी, वालूर, सेलू भागातल्या शेतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी मिळून घेतलेलं. कुणी कापसाची गाडी दिली, कुणी कळपातली मेंढरं. गावाकडच्या मुलींना कॉलेजला जाता यावं, एवढाच उद्देश. त्या उच्चभ्रू वस्तीत दोरीवर वाळणारे परकर आणि पहाटे मोठ्यानं चाललेलं पाठांतर कुणालाच फारसं आवडत नव्हतं.

त्यामुळे मी सगळ्यांवर संशय घेतला. संशय हा पोलिसाचा पगारी छंद आहे. शेजारच्या डॉक्टरांना पार्किंग हवं होतं, त्यांच्यावर घेतला. खरेदीदारावर तर बघताक्षणी घेतला, कारण तो फार नम्र होता. रेक्टरबाईंवरही घेतला. तीस वर्षं त्या इमारतीत राहणारी बाई फक्त मुलींसाठी ओरडते, हे पोलिसाला पटायला वेळ लागतो. अर्जावरून प्राथमिक चौकशी सुरू केली, स्टेशन डायरीला नोंद केली आणि सातही विश्वस्तांना जबाबासाठी बोलावलं.

दुसऱ्या दिवशी एकाच काळीपिवळीतून सातही जण उतरले. सगळ्यात पुढे अध्यक्ष, बोरीचे आप्पा. ऐंशीच्या घरातले मोठे शेतकरी, पांढरा पटका, काठी. त्यांच्या मागे वालूरचे तात्या, मेंढपाळ, खांद्यावर घोंगडी. बाकीचे पाच त्यांच्या मागे, शाळेच्या रांगेत असल्यासारखे.

मी चहा मागवला. आमच्या ठाण्याचा चहा असा, की त्यासाठी लोक खोटी तक्रार द्यायला यायचे. कप समोर ठेवले.

"घेत न्हाई," आप्पा म्हणाले.

"साखरेचा त्रास आहे का?"

"न्हाई."

"तात्या, तुम्ही घ्या."

"नगं साहेब."

सातांपैकी एकानंही कपाला हात लावला नाही. चहावर साय धरली. चौतीस वर्षांत मी दरोडेखोरांना चहा पाजला आहे, खुनी माणसानं माझ्याकडे दुसरा कप मागितला आहे. ठाण्यातला चहा नाकारतो तो घाबरलेला असतो किंवा गुंतलेला, हा माझा अनुभव. माझ्या मनानं निकाल देऊन टाकला: सातही जण सामील.

ठरावाची प्रत आप्पांपुढे धरली. "ही सही कुणाची?"

"माजी."

"नक्की?"

"माजी सही मला वळखू येईना व्हय?"

"म्हणजे इमारत विकायचा ठराव तुम्ही केला."

"न्हाई."

"मग सही?"

"सही माजीच हाय."

तात्यांना विचारलं. सही माझी, ठराव माझा नाही. तिसऱ्यालाही तेच. सातव्यापर्यंत पोचेतो मलाच घाम फुटला. मग ही सही कागदावर आली कशी, असं विचारलं की सातही जण पंख्याकडे बघायचे. आमचा पंखा काही इतका बघण्यासारखा नव्हता.

"आप्पा, तुम्ही काही लपवताय."

"व्हय," आप्पा म्हणाले. "पण ते ठाण्यात सांगायचं न्हाई."

असा जबाब मी आयुष्यात लिहिला नव्हता. सह्या खऱ्या म्हटल्यावर हस्ताक्षरतज्ज्ञाचं काम संपलं. आठातला एक दिवस गेला होता. सुनावणीत हे सातजण "सही माझीच" असं म्हणाले की आयुक्तांना दुसरं काही विचारायची गरजच उरणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी खबर आली. आमचा खबऱ्या म्हणजे कोर्टासमोरचा झेरॉक्सवाला. अख्ख्या जिल्ह्याची गुपितं त्याच्या मशीनमधून उजेड खाऊन जातात. तो हवालदाराच्या कानाशी लागून म्हणाला, "ठरावाची झेरॉक्स माझ्याकडंच काढली. रजिस्टर कोण घेऊन आलता, ते बगा की. गुर्जींचा पोरगा."

गुरुजी म्हणजे संस्थेचे सचिव. निवृत्त मुख्याध्यापक, वय पंचाहत्तर, त्याच वस्तीच्या कडेला छोटं घर. आमचा ठाणे अंमलदार त्यांचा विद्यार्थी, अजूनही त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभा राहतो. मुलगा चाळिशीचा, प्लॉटिंगच्या धंद्यात, एका पतसंस्थेचा संचालक, गळ्यात साखळी. सचिवाच्या मुलानं वडिलांचं रजिस्टर झेरॉक्सला नेणं हा काही गुन्हा नाही. पण माझं नाक असं आहे, की खोट्या कागदाचा वास मला दोन गल्ल्यांवरून येतो. बायको म्हणते, घरात दूध उतू गेलेलं मात्र येत नाही. ते वेगळं.

दोन पंच घेऊन गुरुजींकडे गेलो. त्यांनी स्वतःच पाचही रजिस्टरं काढून दिली, साठ वर्षांची. चश्म्याची काच जाड, हात थरथरत होता.

"गुरुजी, विक्रीचा ठराव कुणी लिहिला?"

ते मुलाच्या खोलीच्या बंद दाराकडे बघून म्हणाले, "मी."

"सभा झाली होती?"

"झाली. सातही जण हजर होते."

"कुठं झाली?"

"झाली." एवढंच. शिक्षक माणूस. खोटं बोलायची सवय नसली की उत्तरं अशी आखूड होतात.

घरातून सूनबाईंनी चहा आणला. मी घेतला, पंचांनी घेतला. गुरुजींनी त्यांचा कप बाजूला सरकवला.

"तुम्ही नाही घेत?"

"एरवी घेतो. आत्ता संस्थेचं काम चालू आहे."

"त्याचा चहाशी काय संबंध?"

गुरुजींचा आवाज पहिल्यांदा जरा मोकळा झाला. "आमची संस्था निघाली तेव्हा शहरातली मंडळी हसायची. म्हणायची, खेड्यातली माणसं वर्गणीच्या पैशावर चहा प्यायला जमतात. पहिल्या अध्यक्षांनी सभेत सांगितलं, संस्थेच्या कामाला बसलेल्या माणसानं कुणाचाच चहा प्यायचा नाही. भाकरी घरून आणायची, पाणी तेवढं विहिरीचं. तेव्हापासून कुणी घेतला नाही. आप्पांनी कलेक्टरांच्या बंगल्यावरसुद्धा घेतला नाही."

मी माझा कप खाली ठेवला. माझ्या अनुभवाची किंमत त्या कपात साखरेसारखी विरघळली होती.

रजिस्टरं पंचांसमक्ष ताब्यात घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण सोडून वाचत बसलो. हवालदार सांगतो की मी जेवण सोडलं नव्हतं, वाचता वाचता जेवलो. असो. पाच रजिस्टरं, शेकडो सभा. प्रत्येक सभेची मांडणी एकच: वर उपस्थितांच्या सह्या, खाली ठराव आणि शेवटी एक ओळ, "अध्यक्षांच्या परवानगीने सभा संपली." साठ वर्षं तीच ओळ. शाई बदलली, अक्षर बदललं, अध्यक्ष वारले, नवे आले, ओळ तीच.

शेवटच्या पानावर आलो. सात सह्या. खाली विक्रीचा ठराव, अगदी वकिली भाषेत, कुठं बोट ठेवायला जागा नाही. आणि शेवटी: "चहापान होऊन, आभार मानून सभा समाप्त झाली."

मी इतक्या मोठ्यानं हसलो की लॉकअपमधला आरोपी उठून बसला.

आता हा मजकूर ज्यानं लिहिला तो संस्थेच्या सभेत कधी बसलेला नव्हता, एवढं नक्की. पण मला कागदावर नाही, माणसांच्या तोंडून हवं होतं. सुनावणीला पाच दिवस उरले होते. मी सातही विश्वस्तांना, गुरुजींना आणि त्यांच्या मुलाला एकत्र बोलावलं. चहा मागवला नाही.

मुलगा आत आला तो हसतच. "साहेब, बाबांचं वय झालंय. त्यांना कशाला त्रास? काय असेल ते मला विचारा."

"काही नाही. हा ठराव सगळ्यांना वाचून दाखवा. मला हे अक्षर लागत नाही."

तो वाचायला लागला. एवढी किचकट वकिली भाषा, पण गडी कुठंही अडखळला नाही. सगळे मान खाली घालून ऐकत होते. क्षेत्रफळ झालं, चतुःसीमा झाल्या, अटी झाल्या. शेवटची ओळही त्यानं त्याच सुरात वाचली आणि रजिस्टर मिटलं.

आप्पांनी मान वर केली. "शेवटचं पुन्यांदा वाचा."

"चहापान होऊन, आभार मानून सभा समाप्त झाली."

"च्या कुणी पेला?"

मुलाला प्रश्नच कळला नाही. "काका, ते तसं लिहितातच."

"लिवतात न्हाई. च्या कुणी पेला ते सांग." आप्पा बाकीच्यांकडे वळले. "तात्या, तुमी पेला?"

"मी? मेंढराचं दूध सोडून मी काय पेत न्हाई, तुमाला ठाव हाय," तात्या म्हणाले. "सेलूवाल्याला इचारा. कापसाच्या जिनिंगवर बसून बसून त्याला लय सवय लागली."

सेलूचे विश्वस्त उठूनच उभे राहिले. "लेकीची आण घेतो आप्पा. वसतिगृहात पाणी बी मी घरच्या बाटलीतलं पेतो."

"मग पेला कुणी?"

"मी न्हाई."

"मी तर त्या दिवशी बोरीतच व्हतो."

"आरं, कोणता दिवस? सभाच कवा झाली?"

इमारत विकल्याचा आरोप होता तेव्हा ही माणसं नुसती पंख्याकडे बघत बसली होती. चहा प्यायल्याचा आरोप आला आणि ठाण्याचं छप्पर उडायची वेळ आली. त्या गदारोळात तात्यांच्या तोंडून निघून गेलं, "आमी तर नुसत्या कोऱ्या पानावर सह्या केल्या. पोरगं मोटरसायकलवर आलं, गुर्जीनं धाडलंय म्हणलं. मी वाड्यात मेंढरं कातरायलो व्हतो. तसाच हात पुसून सही केली."

आप्पांनी डोळे मिटले. हेच ते ठाण्यात सांगायचं नव्हतं. सभेला जमणं अवघड झालं की रजिस्टर गावोगाव फिरायचं, उपस्थितीच्या जागी सह्या व्हायच्या, आणि मजकूर गुरुजी मागून लिहायचे. बँकेचं काम, छताची दुरुस्ती, असलंच काही. वर्षानुवर्षं तसंच चालत आलं होतं. ते सांगायचं म्हणजे गुरुजींवर बोट दाखवायचं, म्हणून सातही जण आपल्या अंगावर घेऊन बसले होते.

मी गुरुजींकडे वळलो. "गुरुजी, त्या सभेत चहा झाला होता?"

मुलगा म्हणाला, "बाबा, हो म्हणा. विषय संपवा."

मुलासाठी या माणसानं अख्खी इमारत अंगावर घेतली होती. तो एक कप चहा मात्र त्यांना घेता येईना.

"ही ओळ माझी नाही," गुरुजी म्हणाले. "वरचंही माझं नाही. दोन वर्षं झाली, माझा हात लिहीत नाही. मी सांगतो, तो लिहितो. यानं मला छताच्या दुरुस्तीचा ठराव म्हणून सांगितलं होतं. साठेखत झाल्यावर कळलं." मग मुलाकडे न बघता म्हणाले, "पतसंस्थेच्या रजिस्टरातून उतरवलंस ना? तिथं प्रत्येक सभेत चहा असतो."

मुलाचं हसू तेव्हा गेलं. पुढचा तपास म्हणजे नुसतं लिहिणं. खरेदीदारानं वसतिगृहाच्या जागी उठणाऱ्या इमारतीत त्याला तळमजल्याची दोन दुकानं कबूल केली होती. गुन्हा दाखल केला, अटक केली. सुनावणीला सातही विश्वस्त स्वतः आयुक्तांपुढे उभे राहिले आणि विक्रीचा अर्ज फेटाळला गेला. खरेदीदार म्हणाला, माझीच फसवणूक झाली. कायद्यानं मी ते लिहून घेतलं. मनानं अजून घेतलेलं नाही. टेपवाले परत आले नाहीत. मुलींनी आपापल्या खोलीत बसून अभ्यास केला आणि तिथूनच परीक्षेला गेल्या. गुरुजींनी राजीनामा पाठवला. विश्वस्तांनी तो सहा महिने वाचायलाच घेतला नाही.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, खोटी सही ओळखायला तज्ज्ञ असतात, खऱ्या सहीपुढे तेही हात टेकतात. भला माणूस सही नाकारत नाही, आणि लबाड माणसाला नेमकी तशीच सही लागते. दुसरी, कागद शेवटाकडून वाचावा. सुरुवात सगळेच जपून लिहितात. शेवटाला हात सवयीवर जातो आणि माणूस कोण आहे, कुठं बसतो, काय पितो, हे सगळं तिथं लिहून ठेवतो. त्यानंतर नोकरीत मी हेच तरुण फौजदारांना सांगत आलो. कोऱ्या कागदावर सही घेणं हा तर अर्धा गुन्हा, हेही सांगत आलो, जरा मोठ्या आवाजातच.

आता एक गोष्ट राहिली, ती सांगायची नव्हती, पण सांगून टाकतो.

दोनेक महिन्यांनी तपासाला न लागणारी जुनी रजिस्टरं परत द्यायला मी स्वतः बोरीला गेलो. आप्पा ओसरीवर बसले होते. रजिस्टरं एकेक करून मांडीवर घेतली, धूळ झटकली. मी खिशातून पोच पावतीचा छापील कागद काढला आणि पेन पुढे केलं.

"आप्पा, इथं खाली सही करा. मजकूर आमचा स्टेशन रायटर ठाण्यात गेल्यावर भरेल."

आप्पांनी कागद उलटसुलट करून पाहिला, पेन मला परत दिलं.

"भरून आना," ते म्हणाले. "मी हितंच हाय."